समितीला आलेला कळवळा

विषारी वायूची शस्त्रं जगात पसरू नयेत म्हणून सरकारनं समिती नेमली आणि शेजारच्या देशातल्या लढाईत त्याच वायूनं जिची दोन्ही लेकरं गिळली, त्या मावशीला साक्षीला बोलावलं. पुन्हा कुणाची कूस उजाड होऊ नये, एवढ्यासाठी ती स्वतःच्या हातानं जखमेची खपली काढायला तयार झाली. समोरचे साहेब तर असे माना हलवत होते, जणू त्यांच्याच घरी मयत झालंय.

"मावशी, बॉम्ब पडला तिथून तुमचं घर किती लांब?" समितीतल्या शास्त्रज्ञानं हळुवारपणे विचारलं.

"सातशे पावलं असेल, साहेब."

"वारा होता?"

"पानसुद्धा हलत नव्हतं."

"आणि मुलं... किती वेळात?"

"धाकटी लगेच गेली. थोरला चुलीवरचं पाणी उकळेपर्यंत तगला."

इतक्या आस्थेनं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मावशीनं हात जोडले. शास्त्रज्ञानं वही मिटली आणि तो शेजारच्या लष्करी अधिकाऱ्याच्या कानाला लागला. मावशीचा एक डोळा गेला होता, कान मात्र शाबूत होते.

"वारा नसताना सातशे पावलं! आपला वायू अजून चारशेच्या पुढं मारत नाही, साहेब."