करदोट्याचा पीळ

अंघोळ करून तान्हा चिनू झोपला होता, पण भिंतीवरचा हिरवा ठिपका हलत नव्हता.

त्याच्या करदोट्यात काचेच्या तंतूचे वेढे होते. त्यांतून प्रकाश गरगर फिरे, श्वासागणिक त्याच्या लहरींचा कल बदले आणि भिंतीवर पडणारा त्याचा ठिपका हले. चिनू जन्मल्यापासून ऋजुता त्या ठिपक्याकडेच बघत आली होती.

"आई, करदोट्याला हात लावलात?"

"सैल झाला होता गं. चांगला पीळ देऊन बांधला," सासूबाई म्हणाल्या.

तिने करदोटा बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला.

"पिळामुळे ध्रुवीकरण, म्हणजे लहरींचा कल, बिघडलंय, मॅडम. प्रकाश आधीच इतका कललाय की श्वास दिसतच नाही. पीळ सोडा, तासाभरात ठिपका पुन्हा हलू लागेल."

"पण श्वास चालू आहे ना?"

"ते मी इथून कसं सांगू?"

"अगं, पोटावर हात ठेव की!" सासूबाई हसल्या. "चाललाय छान."

ऋजुताने हात ठेवला. तळव्याखाली काहीतरी धडधडत होतं, पण ते त्याचं की आपलं, हे तिला कळेना. तिने हळूच चिमटा काढला. चिनूने टाहो फोडला, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

रडून रडून तो पुन्हा पेंगू लागला; पीळ सोडूनही ठिपका अजून हलत नव्हता. स्वतःचे डोळे पुसत तिने दुसरा चिमटा काढला.