पहिलं नाव

ओफिलियाचं लग्न झालं त्याच वर्षी, महायुद्ध संपून चौथं वर्ष चालू असताना, तिची आई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओफिलिया आणि तिचा बाप इशम गॅडिस वर्तमानपत्राच्या कचेरीमागच्या गल्लीत उभे होते. अलाबामातल्या त्या गावात गोऱ्यांची कामं पुढच्या दारात होत, आम्हा काळ्यांची मागच्या खिडकीशी.

खिडकीतल्या पोरीनं, मिस पर्विसनं, मृत्यूच्या बातमीचा कागद वाचला आणि पेन्सिल उचलली.

"अंकल, हे 'मिसेस' काढावं लागेल." काळ्या म्हाताऱ्याला गोरे 'मिस्टर' म्हणत नसत, 'अंकल' म्हणत.

"लग्नाची बायको होती, मिस. चौतीस वर्षं."

"असेल रे. पण काळ्या बायकांना 'मिसेस' लावून आम्ही छापत नाही. तुला माहीत नाही का?"

इशमला माहीत होतं. खिडकीच्या फळीवर त्या दिवशीचा अंक पसरला होता. त्यात मिसेस टेट यांची मांजर हरवली होती.

"मांजरीच्या मालकिणीला बरं लावतात," ओफिलिया पुटपुटली. बापानं तिचा दंड दाबला.

मिस पर्विसनं तो शब्द खोडला. "आता नुसतं 'सी. एल. गॅडिस' राहिलं. पुरुष वाटतोय कुणी. सी म्हणजे काय?"



इशमच्या बायकोनं ते नाव जन्मभर झाकून ठेवलं होतं. आमच्यातल्या पुष्कळ जणी तसं करत. पहिलं नाव कळलं की गोऱ्यांची शेंबडी पोरंसुद्धा त्याच नावानं हाका मारत. म्हणून दुकानदाराला, डॉक्टरला, चौदा वर्षं जिथे इस्त्री केली त्या घरालाही तिनं ती दोन अक्षरंच सांगितली होती.

"मग 'इशम गॅडिसची बायको' एवढंच लिहा, मिस."

"अरे, मेलं कोण तेच लिहायचं नाही? नाव नाही तर बातमी नाही." ती काही वाईट बोलली नाही. रोजचंच बोलली.

"बाबा, सांगून टाका," ओफिलिया म्हणाली. "लुशियसला कसं कळणार?"

लुशियस तिचा भाऊ. बापाशी भांडून दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला होता. दक्षिणेकडे पाइनच्या जंगलात राळ काढतो, एवढीच खबर होती. पत्ता नव्हता. पण हे वर्तमानपत्र तिथवर जाई, आणि तो ते कुणाकडून तरी मागून वाचतो असं तिकडून आलेल्या एकानं सांगितलं होतं.

"मातीला बुधवारपर्यंत थांबता येईल. आज दिलं तर उद्या छापून येईल. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, बाबा. तुम्ही पाहिलंत ना?"

"पाहिलं."

"मग? एका नावासाठी त्याला मातीलाही येऊ द्यायचं नाही?"

इशमचे ओठ एकदा हलले. मिस पर्विसनं पेन्सिल कागदावर टेकवली आणि वाट बघत राहिली.

"तो गेला माझ्यामुळे," इशम मुलीला म्हणाला. "ते मी भोगीन. पण नाव तिचं आहे. तिनं नाही दिलं यांना. मी कसं देऊ?"

"अंकल, मागे रांग आहे."

"कागद परत द्या, मिस."

तिनं तो सरकवला. इशमनं घडी घालून खिशात ठेवला आणि हातातली हॅट डोक्यावर चढवली. ओफिलिया गल्लीच्या टोकापर्यंत त्याच्या चार पावलं पुढे चालली.

बुधवारी पाद्र्याला सांगून खड्ड्याशी तासभर सगळे थांबले. मग माती लोटली. लुशियस आला नाही.

तेव्हा छापली न गेलेली ती बातमी ही: मिसेस सी. एल. गॅडिस शुक्रवारी, ११ मार्च १९४९ रोजी सकाळी वारल्या.