सुपडू वस्तादचं दार

जब्बारने हात वर केला आणि वरातीपुढचा बाजा एकदम थांबला. डावीकडच्या घरात चार दिवसांपूर्वी म्हातारी गेली होती. सुतक असलेल्या दारावरून वाजवत जायचं नाही, हा प्रकाशा गावाचा रिवाज. वीस पावलं नवरदेवाचा घोडासुद्धा मुकाट चालला. कोपरा ओलांडल्यावर जब्बारने क्लॅरिनेट पुन्हा ओठांना लावलं.

पुढचं तिसरं दार सुपडू वस्तादचं. त्या एका दारासाठी जब्बारने ही वरातीची सुपारी घेतली होती. नाहीतर सन अडतीसच्या त्या वैशाखात नंदुरबारच्या जब्बार बँडला धुळ्या-सुरतेहून बोलावणी होती.

जब्बार मूळचा इथलाच, हारुन पिंजाऱ्याचा. कापूस पिंजताना तो धुनकीच्या ताणलेल्या तातीवर ताल धरायचा. गादी भरून घ्यायला आलेल्या सुपडूने ते ऐकलं आणि पोराला घरी नेऊन हातात सनई दिली. आठ वर्षं शिकवलं, बायकोच्या, निर्मलाबाईच्या हातची भाकरी खाऊ घातली. मग जब्बार नंदुरबारला गेला आणि बँडमध्ये शिरला. म्हातारा असा भडकला की विचारू नका.

"पितळना बाजा वाजाडनारा मन्हा चेला नही. मन्हा दारमा पाय ठेवू नको."

बारा वर्षं झाली, दोघांत एक शब्द नाही. जब्बारचा स्वतःचा बँड झाला, अंगावर जरीचा लाल कोट आला. पण वस्तादने एकदा 'बरं वाजवतोस' म्हणावं, ही भूक काही गेली नाही. आता म्हातारा अंथरुणाला खिळला होता. ऐकवायचं तर आजच.

दार लोटलेलं होतं. जब्बारने बाकीच्यांना हळू वाजवायची खूण केली, क्लॅरिनेट काखेत धरलं आणि कोटातून जुनी सनई काढली. वस्तादने सगळ्यात आधी शिकवलेलं हळदीचं गाणं वाजवलं. एकदा, दोनदा, तीनदा. नवरदेवाचा मामा घाई करू लागला. दार उघडलं नाही. आत कुणी खोकलंसुद्धा नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं मनाशी म्हणत जब्बार पुढे झाला. डोळे मात्र भरून आले होते.

वरात मारुतीच्या पारावर टेकली आणि त्याला राहवेना. पाय ठेवू नको म्हटलं तर म्हटलं. तो परत आला, दार ढकललं.

"माय, वस्ताद आजूनबी नाराज शेतस का?"

निर्मलाबाई जमिनीवर बसली होती. तोंडात पदराचा बोळा. शेजारी सुपडू, डोक्यापासून पायापर्यंत धोतराने झाकलेला.

तिने बोळा काढला.

"दुपारलेच गयात. जाता जाता मले बोलनात, जब्बारना बाजा येनार शे, तो जाई तवलोंग रडू नको. त्याले समजनं तं तो मन्हा दारवर वाजाडाव नही."

जब्बार उंबऱ्यावरच खाली बसला. पाराकडे सगळं शांत झालं होतं. तिने जरा वेळ कान दिला.

"बाजा गया ना? आते रडू का, बेटा?"