भरारी पथक आणि सतार

स्वर चटकन सापडावेत म्हणून केतकीच्या मैत्रिणीने आपल्या व्हायोलिनवर चिकटवलेल्या खुणा भरारी पथकाच्या सरांनी नखाने खरवडून काढल्या. "संगीताच्या परीक्षेतही कॉपी?"

केतकीला हसू आवरेना. तेवढ्यात सरांची नजर तिच्या सतारीवर पडली.

"बाप रे! इथे तर वरपासून खालपर्यंत!"

"सर, ते पडदे आहेत. सतार येतेच पडद्यांसकट."

"म्हणजे दुकानदारही सामील!"

पडदे बांधलेले दोरे कापायला सरांनी कात्री मागवली. परीक्षकांनी घाईघाईने बोटातली तार छेडायची नखी खिशात दडवली. पितळी पडदे फरशीवर खणखणले आणि केतकीच्या हाती नुसता दांडा उरला.

मागे सरोदवाला उभा होता. वर्षभर त्याने सरोदाला हात लावला नव्हता. सरोदाची बिनपडद्यांची गुळगुळीत पट्टी पाहून सर गहिवरले.

"शिका याच्याकडून! काहीही न आणता परीक्षेला आलाय पठ्ठ्या!"