घासाएवढा सूर

ओट्यावरची वाटी घरंगळून फरशीवर खणखणली आणि दुपारची शांतता मोडली.

“मी नाही पाडली, तीच पडली!” म्हणत पाच वर्षांची रेणू धावत आली आणि सुनीतीच्या मांडीवर चढून बसली.

गेलेल्या माणसांनी खेळलेल्या खेळांचं संगीत सुनीती वाद्यवृंदासाठी बसवून द्यायची. व्हिडिओ गेममधलं संगीत आता खेळणाऱ्याच्या हातूनच घडायचं. तो धावला की धावायचं, बिचकला की बिचकायचं, थांबला की एकाच सुरावर थांबून राहायचं. वर्षश्राद्धाला लोक तेच वाजवून घेत. या खेपेला तिच्यापुढे तिच्या नवऱ्याचं, मकरंदचं संगीत होतं आणि तालीम उद्यावर आली होती.

तिने सकाळभर साफसूफ केलेली चाल लावली. व्हायोलिनं खेळातल्या नदीवरच्या पुलापाशी आली आणि न थांबता पुढे गेली.

“ए आई, चुकलीस! इथे बाबा थांबायचा.”

“तिथे नुसता एक सूर लोंबकळत होता गं. काढून टाकला मी.”

“नुसता कुठे? मला घास भरवायचा ना तो! आणि मी पटकन चावायचेच नाही.”

सुनीतीने चाल बंद केली. असे सगळे सूर तिने अडखळ समजून छाटले होते. ती एकेक परत लिहायला बसली. कुठे पाच मात्रा, कुठे अकरा. शेवटच्या सुराला मात्र मापच नव्हतं. त्या दिवशी मकरंद खेळ तसाच चालू ठेवून बाहेर पडला, तो परत आलाच नव्हता.

रेणूने त्या सुरावर बोट ठेवलं.

“आई, इथे वाजवणाऱ्यांनी बाबासाठी कुठवर थांबायचं?”