दाभोळचा तह

“दाभोळ सोड आणि तह कर, अज्या,” हेडफोनमध्ये हुझैफा हसला. “लढाई संपवून टाकू. जुम्म्याच्या आधी अब्बांना फोन करायचाय मला.”

अजितने तह नाकारला.

हुझैफा कतारला, दोह्यात नोकरीला होता; खोलीवर एकटा राहायचा. शुक्रवारी त्याला सुट्टी. सकाळ झाली की तो तिकडून आणि अजित मुरुडहून ऑनलाइन खेळायला बसत. पडद्यावर चारशे वर्षांपूर्वीचं कोकण. चौल हुझैफाचं, दाभोळ अजितचं. आज हुझैफाच्या गलबतांनी दाभोळची खाडी तोंडाशीच अडवली होती.

हुझैफाचे अब्बा, नजमुद्दीनचाचा, आज पहाटे गेले होते. त्यांचं घर अजितच्या घराला लागूनच. खेळ सुरू व्हायच्या आधी हुझैफाची बहीण जुनेरा मागच्या दाराने आली होती.

“दोह्यातले आमचे आमिरभाई ड्युटीवरून सुटून हुझैफाच्या खोलीकडे निघालेत, अजितदादा. ते पोचेपर्यंत त्याला खेळात गुंतवून ठेव. एकटा असताना कळलं तर...” एवढं सांगून ती तशीच परत गेली होती.

“नाकारलास? तीन गलबतं उरलीत तुझी!” हुझैफा हेडफोनमध्ये ओरडला.

“चौलवर येतोय,” अजित म्हणाला. दाभोळ उघडं टाकून त्याने सगळी फौज उत्तरेला काढली. शुद्ध वेडेपणा होता. पण फौज पोचायला वेळ लागणार होता.

मशिदीच्या भोंग्यात खरखर झाली. अजितने झटकन माइक बंद केला. खिडकी लावलेली असूनही नजमुद्दीनचाचांचं नाव स्वच्छ ऐकू आलं. दफन जुम्म्याच्या नमाजानंतर.

“अज्या? आवाज गेला तुझा.”

अजितने माइक चालू केला. “वायर हलली होती.”

“असा कधी लढला नाहीस रे. अब्बा काय म्हणतात माहितेय? अजित पोरगा चांगला, पण लगेच हार मानतो. आज सांगतोच त्यांना.”

चौलच्या वेशीवर अजितची फौज कापली गेली. त्याने नवी भरती लावली. तेवढ्यात हुझैफाकडून पुन्हा तह आला. या वेळी त्याने काहीच मागितलं नव्हतं.

“दाभोळ ठेव तुलाच. आता तरी हो म्हण.”

अजितने तोही नाकारला.

“काय झालंय तुला?” हुझैफाचा आवाज उतरला.

तिकडे दारावरची बेल वाजली.

“थांब, कुणीतरी आलंय.” हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग लांबून, “अरे, आमिरभाई! तुम्ही इतक्या सकाळी?”

आमिरभाईंचं बोलणं हळू होतं. शब्द कळत नव्हते. एक खुर्ची फरशीवर घासली. अजित पडद्याकडे बघत बसून राहिला.

बऱ्याच वेळाने हेडफोनजवळ श्वास ऐकू आला.

“अजित.”

“बोल.”

“दफन कधी?”

“जुम्म्यानंतर.”

“मी नाही पोचत.”

शेजारच्या अंगणात खुर्च्या मांडल्या जात होत्या.

“माझ्या वाटची माती तू टाक,” हुझैफा म्हणाला. “तीन मुठी.”

“टाकतो.”

“हळू टाक.”