गोळी आणि काठी

देवळाच्या भिंतीला कलती टेकवलेली, देवाच्या निशाणाची उंच मानाची काठी नरहरीनं गुडघ्यापर्यंत उचलली आणि त्याचे हात सुटले. बुंधा दाणकन फरशीवर आदळला. यात्रेला जमलेल्या गावात कुजबुज सुरू झाली. शूटिंग घ्यायला उभ्या असलेल्या, गावात बंगले बांधलेल्या पुणेकरांनीही मोबाईल खाली घेतले.

गंगूबाईचा जीव तिळतिळ तुटला. गेल्या यात्रेला तिच्या नवऱ्यानं हीच काठी एका दमात पोटाशी घेतली होती. मग छातीत कळ आली, काळजाच्या नळीत स्प्रिंग बसली आणि कोलेस्टेरॉलची गोळी मागं लागली. तेव्हापासून दंड नि मांड्या अशा ठणकायच्या, की साधा सदरा घालतानाही गडी कण्हायचा.

चुलतदीर इंद्रजित पुढं झाला. "दादा, कवाधरनं सांगतोय, ती चरबीची गोळी सोड. माझ्या सासऱ्यानं सोडली, आठ दिसात घोडा झाला. सोडायची नसंल तर मान सोड. ज्याच्या घरात काठी उचलाय कुणी न्हाई, त्याचा मान भावकीत जातोय. रीतच हाय."

नरहरीनं खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि भिरकवायला हात मागं नेला. गंगूबाईनं वरच्या वर मनगट धरलं.

"टाका की! आन् पुढल्या यात्रेला मी कुणाच्या नावानं कुंकू लावू, तेबी सांगा."

"अगं, हात चालंना माझं!" नरहरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "गावापुढं इज्जत गेली."

"गोळीनं दुखतंय ते डॉक्टरला सांगितलंय ना? सोमवारी रगत तपासून गोळी बदलून देनार हायेत. तवर मनानं सोडायची न्हाई, असं बजावलंय." ती दिराकडं वळली. "भावजी, तुमच्या सासऱ्यांच्या छातीत स्प्रिंग हाय का?"

"न्हाई, पर..."

"मग पळू द्या त्या घोड्याला!"

"वैनी, तोंड चालवून काय व्हतंय? काठी कोण उचलनार?"

"मान घराचा हाय ना? मग मी काय शेजारची हाय?"

तिनं पदर खोचला आणि भिंतीकडं निघाली. हलगी बंद पडली. म्हातारा गुरव आडवा आला.

"गंगूबाई, बायामानसानं काठीला हात लावल्याचं कधी ऐकलंय का?"

"काल काठी धुतली, तेल लावलं, तवा कुणाचा हात व्हता? देव झोपला व्हता व्हय?"

बायकांत खसखस पिकली. गुरव बाजूला झाला.

गंगूबाईनं बुंधा धरला. वाटलं होतं त्याहून काठी जड निघाली. भिंतीपासून सुटली तसा शेंडा गरगरला आणि पुढची माणसं मागं पळाली. आता खाली ठेवली तर नवरा परत गोळीला हात लावायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"डावी मूठ खाली घे!" मागून नरहरी ओरडला. "बुंधा पोटाला टेकव! वर बघ, शेंड्याकडं. खाली बघू नगंस!"

तिनं बुंधा पोटाला टेकवला. काठी डगमगली, झुकली आणि सरळ झाली. वर निशाण उघडलं. टाळी कुणी वाजवली नाही. अख्खं गाव तोंडात बोट घालून उभं राहिलं. इंद्रजित चपलांकडं बघत होता.

नरहरीनं पाकीट खिशात कोंबलं आणि हलगीवाल्यांकडं वळला.

"बघत काय बसलाय रं?" तो गरजला. "मान हाय आमचा. वाजवा!"